नावं तेवढी दाखवा : मराठी वाहिन्या आणि मालिका निर्मात्यांना खुले पत्र

मराठी वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख आणि मालिकांचे निर्माते यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या मालिकांमधली आत्या. कधी मावशी, कधी शेजारच्या काकू, कधी नायिकेच्या कॉलेजातल्या प्राचार्या, एकदा न्यायाधीश, आणि तरुणपणी, एका फ्लॅशबॅकपुरती, नायकाला जन्म देऊन मरणारी आई. आमच्या जातकुळीला चरित्र कलाकार म्हणतात. नावं दाखवा असं सांगणारं पत्र मी निनावी लिहितेय, यातला विनोद मला कळतो. पण पुढच्या महिन्याच्या तारखा अजून आलेल्या नाहीत आणि त्या देणं तुमच्या हातात आहे, तेव्हा सध्या हे असंच वाचा.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसेल तरी काम होईल. मालिकेत ज्याने ज्याने एक जरी वाक्य म्हटलं, त्या प्रत्येकाचं नाव भूमिकेसकट, वाचता येईल अशा वेगाने, आठवड्यातून एकदा तरी पडद्यावर यावं. तीच यादी तुमच्या अ‍ॅपवर मालिकेसोबत कायम राहावी. आणि एखाद्याचं काम संपलं की अमुक काळात, अमुक इतक्या भागांत, अमुक भूमिका केली असं पत्र त्याच्या हातात पडावं. बस्स. पैसे वाढवून मागत नाहीये. मागायला हवेत, पण तो कागद वेगळा.

आमचं काम कसं चालतं हे तुमच्यापैकी जे सेटवर येतात त्यांना ठाऊक आहे. जे फक्त गुरुवारी रेटिंगचा तक्ता बघतात त्यांच्यासाठी थोडं सांगते. सकाळी नऊचा कॉल. घोडबंदर रोडला नाहीतर मीरा रोडला बंगला असतो, म्हणजे कल्याण-डोंबिवलीकडच्याने सातलाच घर सोडायचं. मेकअप, केस, साडी. सीन पेपर हातात पडेल याची खात्री नसते, कारण बऱ्याचदा तो लिहिला जात असतो. दिवाणखान्यात सगळं कुटुंब जमलंय, नायिकेवर चोरीचा आळ आलाय. आधी मास्टर शॉट, म्हणजे सगळ्यांचा एकत्र, मग नायिकेचे क्लोज, मग सासूचे, मग नायकाचे. त्यांना संध्याकाळी दुसरीकडे प्रमोशनला जायचं असतं, म्हणून त्यांचं आधी उरकतात, आणि ते बरोबरच आहे. दिवस कलला की आमची पाळी. समोर नायिका नसते, तिच्या जागी एक सहायक दिग्दर्शक मुलगा कागद धरून उभा. तो सपाट आवाजात वाचतो, “मी चोरी केली नाही हो आत्या, देवाशप्पथ.” त्याच्या टी-शर्टावरच्या वाघाकडे बघून मला डोळ्यांत पाणी आणायचं असतं. पाणी येतं. मग तो म्हणतो, “मॅडम, एक धक्का द्या, एक काळजी द्या, एक राग द्या, पुढे लागतील.” मी तीन चेहरे देते. ते तीन चेहरे पुढे कुठल्या भागात, कुठल्या वाक्यानंतर चिकटवले जातील हे मला टीव्ही लावल्यावरच कळतं.

या कामाबद्दल तक्रार नाही. त्या तीन चेहऱ्यांत काय कसब आहे हे ज्याला कळतं त्याला कळतं. एका सेटवर एका जुन्या नटाला मी बघितलंय. त्यांना सीनमध्ये एकही वाक्य नव्हतं. ते पेपर वाचत बसलेले दाखवले होते. सून रडायला लागली तसं त्यांनी पान उलटायला घेतलेला हात अर्ध्यावर थांबवला आणि पान तसंच सोडून दिलं. दिग्दर्शकाने सांगितलं नव्हतं. संकलकाने मात्र बरोबर तो शॉट उचलला आणि त्या सीनला जो काही भार आला तो त्या पानामुळे आला. त्यांचं नाव त्या भागात नव्हतं. त्या मालिकेच्या कुठल्याच भागात मला दिसलं नाही.

आता नाटकाचं बघा. आम्ही बहुतेक जण तिथूनच आलोय. राज्य नाट्य स्पर्धा, कामगार कल्याणच्या स्पर्धा, बँकांच्या एकांकिका. मराठी नाटकात तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात आणि अंधारात निवेदन सुरू होतं: लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा, वेशभूषा आणि सगळे कलावंत. दुसऱ्या अंकात चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या गड्याचंही नाव त्यात असतं. हजारभर माणसं खोकणं थांबवून ते ऐकतात. नाटकवाल्यांकडे पैसा तुमच्याइतका नाही, वेळही नाही (रात्रीच्या प्रयोगाला शेवटची लोकल गाठायची असते), तरी हा रिवाज कुणी मोडलेला नाही.

टीव्हीवरही हे होतंच की. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ‘चिमणराव’ लागायचं तेव्हा दिलीप प्रभावळकरांसोबत बाळ कर्वे हे नाव घरोघरी पोचलं. एकच वाहिनी होती, हे खरं. पण नावं पडद्यावर थांबायची, हेही खरं. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आली, ‘आभाळमाया’ लागली, तेव्हाही शीर्षकगीत पूर्ण वाजायचं आणि लोक ते पूर्ण बघायचे. पुढे मालिका रोजच्या झाल्या, लांबत गेल्या. ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून जास्त भाग झाले. एवढ्या भागांतून किती आत्या, किती वकील, किती गुरुजी, किती पोलीस हवालदार येऊन गेले असतील याची यादी आज कुणाकडे आहे? आणि मधल्या काळात कधीतरी नावं पळायला लागली. आधी जोरात, मग आणखी जोरात, मग पडद्याच्या एका कोपऱ्यात पुढच्या मालिकेच्या जाहिरातीशेजारी, मग आठवड्यातून एखाद्या दिवशी, मग आठवण झाली तर.

तुम्ही म्हणाल, नावाचं काय घेऊन बसलात, प्रेक्षक ओळखतात ना! ओळखतात. भाजी घेताना हात धरून सांगतात, “तुम्ही त्या दुष्ट आत्या ना?” आनंद होतो, खोटं कशाला बोलू. पण ते ओळखतात ती तुमची आत्या. तिचं नाव, तिची बोलण्याची ढब, तिची ती कपाळावरची मोठी टिकली, सगळं करारानुसार तुमच्या मालकीचं. उद्या माझ्या जागी दुसरी बाई उभी करून “आजपासून या आत्या” असं सांगण्याचा अधिकारही तुमचा, आणि तो तुम्ही वापरता. माझ्या मालकीची एकच वस्तू त्या पडद्यावर असू शकते, ती म्हणजे माझं नाव.

समीर खक्कर यांचं उदाहरण घ्या. दूरदर्शनवरच्या १९८६ च्या ‘नुक्कड’ या हिंदी मालिकेतला खोपडी. सगळा देश त्यांना खोपडी म्हणायचा. मधल्या काळात ते अमेरिकेत गेले, तिथे संगणकाचं काम केलं, परत आले, पुन्हा छोट्या-मोठ्या भूमिका करू लागले. मार्च २०२३ मध्ये ते गेले, तेव्हाही त्यांची ओळख खोपडी हीच सांगितली गेली. किंवा आपल्याकडच्या कमल ठोके. ‘लागिरं झालं जी’मधल्या जिजी. मुळात शिक्षिका. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या गेल्या तेव्हा लोक हळहळले, पण ज्यांनी ज्यांनी मला फोन केला ते “जिजी गेल्या गं” एवढंच म्हणत होते. प्रेम खरं होतं, त्यात शंका नाही. पण या दोघांचं निदान भूमिकेचं नाव तरी लोकांच्या तोंडी राहिलं, कारण भूमिका गाजल्या. बाकीच्यांचं ते पण नाही. ज्याने सलग चार मालिकांत डॉक्टर होऊन “आता सगळं देवाच्या हातात आहे” एवढंच सांगितलं, त्याला लोक ‘तो डॉक्टर’ म्हणतात.

एवढ्यावर हा हळवेपणाचा मामला वाटत असेल, तर आता कायद्याकडे वळते. हा भाग तुमच्या कायदेशीर विभागाला ठाऊक आहे. आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून तो उघड्यावर लिहिते.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. नट-नट्यांना सादरकर्ते म्हणून आधीपासून असलेला हक्क तिने भक्कम केला. तो हक्क सादरीकरणानंतर पन्नास वर्षं टिकतो. कलम ३८ बी म्हणतं की सादरकर्त्याला आपलं काम आपलं म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क आहे, आणि आपल्या कामाची प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड झाली तर दाद मागण्याचाही. व्यापारी वापरातल्या रॉयल्टीचा उल्लेखही त्याच दुरुस्तीत आहे. उत्तम. पण सादरकर्ता कोण, याच्या व्याख्येला एक शेपूट जोडलेलं आहे. त्याचा अर्थ असा : ज्याचं चित्रपटातलं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीसकट कुठेच होत नाही, त्याला सादरकर्ता समजायचं नाही. मोडतोडीविरुद्धचा हक्क तेवढा त्याला ठेवलाय, बाकीचे नाहीत. आणि या कायद्यात चित्रपट म्हणजे फक्त थिएटरातला सिनेमा नव्हे, दृश्यमुद्रण त्यात येतं, म्हणजे मालिकाही.

हे दोनदा वाचा. नाव दाखवायचं नाही हा रिवाज पाडायचा, आणि रिवाज पडला की त्याच रिवाजाच्या आधारे तो माणूस कायद्याच्या नजरेत कलावंतच उरत नाही. हे तुम्ही ठरवून करता असं मी म्हणत नाही. बहुधा वेळ वाचवण्याच्या नादात झालंय. पण त्याचा फायदा कुणाच्या खात्यात पडतो हे स्पष्ट आहे. महिनोन् महिने रोज दिसणाऱ्या आत्याला किरकोळ म्हणणं कोर्टात टिकणार नाही, असं मला वकील मंडळी सांगतात. कोर्टात जायला आत्याकडे पैसे कुठून यायचे, हे ती मंडळी सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हातारपणाची. राज्य सरकारची वृद्ध कलावंतांसाठी मानधन योजना आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि २०२४ पासून महिन्याला ५,००० रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज करायचा तर कलेच्या क्षेत्रात इतकी वर्षं काम केल्याचे पुरावे जोडावे लागतात. तमाशातल्या, भजनातल्या, नाटकातल्या माणसाकडे हँडबिलं असतात, कात्रणं असतात, मंडळाचं पत्र असतं. टीव्हीवर वीस वर्षं हवालदार झालेल्या माणसाने काय जोडायचं? श्रेयनामावलीत नाव नाही. करारपत्र, असलं तर, काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरकडे राहिलेलं. जुने भाग अ‍ॅपवरून उतरवलेले. माझ्यापुरतं सांगायचं तर माझ्या कारकिर्दीची सगळ्यात प्रामाणिक नोंद आयकर खात्याकडे आहे. दर मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला जातो आणि तो कुणी, कधी कापला हे तिथे दिसतं. कुठल्या मालिकेत मी कोण होते हे मात्र दिसत नाही. पैसे कापताना नाव बिनचूक लिहिलं जातं, स्पेलिंगसकट!

तिसरी गोष्ट २०२० ची. टाळेबंदी उठता उठता चित्रीकरणाला परवानगी मिळाली, तेव्हा पासष्ट वर्षांवरच्या कलावंतांना सेटवर बंदी होती. मालिकेतले सगळे आजी-आजोबा एका फटक्यात घरी बसले. सत्तर वर्षांचे, आयुष्यभर छोट्या भूमिका करत आलेले एक कलावंत उच्च न्यायालयात गेले आणि ७ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. पुढच्याच महिन्यात, २२ सप्टेंबरला, ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर साताऱ्यात वारल्या. ‘आई माझी काळूबाई’चं चित्रीकरण चालू असताना सेटवर करोनाची लागण झाली होती. ‘मत्स्यगंधा’ नाटकातली सत्यवती, १९६४ ची. पंचावन्नहून जास्त वर्षं काम करून शेवटीही त्या कामावरच होत्या.

या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवल्या की मला काय बोलावं कळत नाही. बंदी बरोबर होती की न्यायालय? घरी बसून उपाशी राहायचं की जाऊन आजारी पडायचं, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवला. पण एक मला तेव्हाच जाणवलं. मदतीचे संच वाटायचे म्हटल्यावर प्रत्येक जण कुणाला तरी फोन करत होता, “अरे, तुमच्या त्या मालिकेत ते आजोबा होते ना, त्यांचा नंबर आहे का?” संघटनांकडे सभासदांची यादी होती. पण सभासद नसलेले, गावाकडून येऊन दोन-चार भाग करून जाणारे, ज्यांना खरी गरज होती, ते कुठल्याच यादीत नव्हते.

आता तुमची बाजू. मला ती अगदीच कळत नाही असं समजू नका. जाहिरातींना तासाला बारा मिनिटांची मर्यादा, अर्ध्या तासाच्या भागात कथेला वीस-बावीस मिनिटं, त्यात कालचं थोडं आणि उद्याचं थोडं. नावं सुरू झाली की माणूस रिमोट उचलतो आणि रेटिंगचा आलेख तिथे खाली येतो. म्हणून एक मालिका संपायच्या आत दुसरी चिकटवायची. मान्य. मग रोज नका दाखवू. शनिवारच्या भागाला दाखवा. नाहीतर रविवारी तुम्ही तासाभराचा महाएपिसोड करता, ज्यात नायक-नायिका डोंगरावर तीन गाणी म्हणतात, त्यातल्या एका गाण्याचं एक कडवं कापा. एका मालिकेत एका आठवड्यात बोलणारी माणसं पंधरा-वीसच्या वर क्वचितच असतात. चांगली वाचता येतील अशी दाखवली तरी अर्धं मिनिट. डोंगर तेवढा थांबेल.

अ‍ॅपवर तर सेकंदाचाही प्रश्न नाही. तिथे मालिकेच्या पानावर नायक-नायिकेची नावं असतात आणि पुढे मोकळी जागा असते.

जाता जाता फोटोचं. लीप येते, कथा पाच वर्षं पुढे जाते, माझ्यासारखीला मारून टाकतात. त्याला हरकत नाही, मरणं हा आमच्या कामाचा भाग आहे. बहुतेक वेळा ते “तारखा कळवतो” एवढ्यावर होतं आणि आपण मेलो हे मालिका बघणाऱ्या शेजारणीकडून कळतं. पण मग माझा हार घातलेला फोटो भिंतीवर लागतो आणि तो महिनोन् महिने तिथे असतो. सून त्याच्याशी बोलते, रडते, निर्णय घेते. कथेची महत्त्वाची वळणं त्या फोटोसमोर घडतात. त्या दिवसांचं मानधन मला मिळत नाही, नावाचा तर प्रश्नच नाही. भिंतीवर टांगलेल्या माणसाचा काही दर ठरवता आला तर बघा. ही मागणी नाही, सूचना समजा.

नव्वद दिवसांनी मिळणाऱ्या पैशांबद्दल मी इथे लिहीत नाही. संघटना त्यावर भांडत आहेत, भांडोत.

यादी करायला माणसं नाहीत, असं उत्तर येईल याची मला कल्पना आहे, कारण एका निर्मितीसंस्थेकडून ते आधीच मिळालंय. म्हणून सांगते. प्रत्येक सेटवर रोज संध्याकाळी उद्याची कॉल शीट निघते. तिच्यात उद्या येणाऱ्या प्रत्येक कलाकाराचं नाव, भूमिका आणि वेळ असते. दोन वाक्यांच्या पोस्टमनचीसुद्धा, कारण दुपारची जेवणं किती सांगायची हे त्यावरून ठरतं. आठवड्याच्या सहा कॉल शीट एकत्र केल्या की श्रेयनामावली तयार. सहायक दिग्दर्शकाला अर्ध्या तासाचं काम. भागांची संख्या निर्मिती व्यवस्थापकाच्या व्हाउचरवर असते; काम संपल्याचं पत्र त्यावरून निघेल.

नव्या मालिकांची करारपत्रं तयार होतील तेव्हा त्यात एक ओळ घालायला सांगा. चालू मालिकांसाठी करार बदलायचीही गरज नाही, संकलन विभागाला एक मेल पुरेल. केलंत तर कळवायची गरज नाही. शनिवारी आम्ही बघतोच.

आपली,
एक चरित्र अभिनेत्री